पसंतीचा शिरा

ताईचं लग्न जुळत नव्हतं तेवढी सगळी वर्षं आमच्या गडब गावच्या घरातला रव्याचा डबा कधी रिकामा झाला नाही. तांदूळ घरच्या शेतातला, तो सरत आला तरी आई निवांत असायची. रवा मात्र अर्ध्यावर आला की तिचा जीव खालीवर व्हायचा आणि ती बाबांना पेणला पिटाळायची. मांडणीवर पुढे रव्याचा डबा, शेजारी साखरेचा, मागे तुपाची बरणी, आणि सगळ्यात वर, मी हात मारते म्हणून, बेदाणे आणि काजूतुकड्यांची डबी. त्यातलं घरच्यांनी खायचं नाही. ते पाहुण्यांचं. आणि पाहुणे म्हणजे ताईला बघायला येणारे.

हे पाहुणे आठ दिवस आधी कळवून येत नसत. स्थळं आणायचे ते आईचे मामेभाऊ, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांचा फोन यायचा तोच मुळी कासू स्टेशनवरून नाहीतर पेणच्या एसटी स्टँडवरून. "चौघं हायत, रिक्षात बसतोय." एवढं बोलून फोन बंद. रिक्षा हायवेवरून येईपर्यंत ओटी झाडायची, वाळत घातलेले कपडे आत ओढायचे, शेजारून चार बऱ्या बशा आणायच्या, ताईने साडी नेसायची आणि शिरा करायचा. पोहे आई करायची. शिरा ताईनेच केला पाहिजे, असं आईचं म्हणणं होतं. मुलीच्या हाताची चव कळते म्हणे.

या शिऱ्याचं जरा सांगायला हवं. आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्यांनी पोहे खायचे, चहा प्यायचा, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. दारात आलेल्या माणसाला तेवढं द्यायचंच. शिरा मात्र पसंतीचा. मुलगी पसंत असली तर मुलाच्या बापाने बशीतला पहिला घास घ्यायचा, मग मुलाच्या आईने, मग मुलाने. पसंत नसली तर बशीला हात लावायचा नाही. तोंडाने कुणी काही बोलत नाही. पत्रिका जुळत नाही, मुलगा एवढ्यात तयार नाही, हे निरोप मागाहून यायचे, पण त्यांची वाट कुणीच बघत नसे. पाहुणे उठायच्या आधीच आम्हाला कळलेलं असायचं. मुलीला तोंडावर नाही म्हणायला नको, म्हणून कुणा भल्या माणसाने ही रीत पाडली असेल. मला त्या भल्या माणसाला एकदा भेटायचं आहे.

ताई शिरा फार चांगला करायची. आच मंद ठेवून रवा भाजायची. कितीही घाई असो, मामांची रिक्षा दारात येऊन उभी राहो, रव्याचा रंग बदलून खमंग वास सुटेपर्यंत ती आच वाढवायची नाही. मग उकळतं पाणी, दूध असलं तर अर्धं दूध. रवा फुलला की मगच साखर, कारण आधी घातली तर रवा आतून कच्चा राहतो. शेवटी कडेने तूप सोडायचं आणि झाकण ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. डब्यात असलेल्या चार जिनसांतून एवढं चांगलं काही तयार होतं, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. पाहुणे गेल्यावर तो न खाल्लेला शिरा माझ्या वाट्याला यायचा. बाबा त्याला शिवायचे नाहीत, आईला तो गिळवायचा नाही, ताई तर तिथे थांबायचीच नाही. मी खायचे. गार झालेला, वर तूप थिजलेला, तरी चांगला लागायचा.

लोक ताईला का नाकारायचे ते मामा स्पष्ट सांगत नसत, पण आम्हाला कळत होतं. ती सावळी होती, उंचीला बेताची होती, आणि विचारलं त्याचं उत्तर समोरच्याच्या तोंडाकडे बघून द्यायची. पहिल्या दोन गोष्टी खपल्याही असत्या.

रोह्याची माणसं आली तेव्हा मी पेणला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. मुलगा रोह्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी, एकुलता एक. तो, त्याचे आईवडील आणि आमचे मामा असे चौघं कासूला गाडीतून उतरून आले. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराआड. पोहे झाले, नाव काय, शिक्षण किती हे झालं, आणि मग मुलाने एक गोष्ट केली जी आजवर कुणी केली नव्हती. तो बाबांना म्हणाला, "आम्ही दोघं जरा बोललो तर चालेल काय?" बाबा गडबडले. आईनेच मागच्या पडवीचं दार दाखवलं.

पडवीत ते थोडाच वेळ उभे होते. काय बोलतात ते ऐकायचा मी खूप प्रयत्न केला, पण आईने डोळे वटारले. तो बाहेर ओटीवर जाऊन बसला आणि ताई आत आली. तिने शिऱ्यावरचं झाकण काढलं, वरची डबी खाली घेतली आणि त्यातले असतील नसतील तेवढे बेदाणे चार बशांवर घातले. मग मला हळूच म्हणाली, "येलची जास्त झाली काय गो?" इतक्या वेळा शिरा केला तिने, पण असं कधी विचारलं नव्हतं. ताईला हा मुलगा हवा होता.

ती बशा घेऊन बाहेर गेली, सगळ्यांसमोर ठेवून दाराशी येऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. मला तिच्या खांद्यावरून फक्त मुलाचा बाप दिसत होता. उंच, वाळका माणूस. त्याने बशी उचलली. हातात धरली. चमचा शिऱ्यात घातलासुद्धा. माझ्या मनात आलं, झालं, जमलं. आणि मग त्याने चमचा तसाच ठेवून बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "पोहे झकास झाले होते."

पुढचं सगळं नेहमीचंच. कुणी बशीला हात लावला नाही. चहा झाला, माणसं उठली. दारात चपला घालताना म्हातारा बाबांना म्हणाला, "या आता रोह्याला, घर बघा आमचं." बाबांनी हात जोडले. नापसंत करून जाणारेसुद्धा जाताना या म्हणतातच, त्यात पैसे पडत नाहीत.

संध्याकाळी आई म्हणाली, "मामांना सांगून एकदा विचारून तरी बघा. बशी उचलली होती त्यांनी." बाबा भडकले. "ठेवली ना खाली? आता आणि काय विचारायचं? मुलगी आम्हाला जड झाली असं गावभर सांगायचंय काय?" ताई तिथेच बसून भांडी घासत होती. तिने त्या चार बशांमधला शिरा आपल्या हाताने एका टोपात काढला आणि मी तिथे पोचायच्या आत गोठ्यात जाऊन म्हशीपुढे ओतला.

त्यानंतरही एकदोघं आले. ताईने शिरा करायला नकार दिला. आईने केला, तो कुणी खाल्ला नाही. मग एके दिवशी ताईने बाबांना सांगून टाकलं की आता मी कुणासमोर बसणार नाही, धाकटीचं बघा. आणि धाकटीचं लगेच जमलं. तेही रोह्यालाच. माझ्या वेळचा शिरा मात्र मी नाही, ताईने केला. मीच भीतभीत तिला म्हटलं होतं, आपण यावेळी शेवयांची खीर करू. तर म्हणाली, "रीत हाय ती करायची, उगाच डोकं चालवू नको." माझ्या सासूबाईंनी तो शिरा परत मागून घेतला. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. ती लाज अजून गेलेली नाही.

आता आईबाबा दोघंही नाहीत. म्हैस विकली, शेत कसायला दिलं. ताई त्या घरात एकटी असते आणि पेणला पापड लाटायला जाते. मी रोह्याला. नवरा शिफ्टवरून आला की चहाबरोबर काही गोड लागतं त्याला, म्हणून माझ्याही डब्यांमध्ये रवा, शेवया, गूळ, बेसन सदा भरलेलं. गूळपोहे, शेवयांची खीर, बेसनाच्या वड्या, कंटाळा आला असेल तर नुसते कणकेचे गूळ घालून घावन. शिरा मी सहसा करत नाही. कधी केलाच तर खाली तळमजल्यावरच्या काकींना वाटीभर नेऊन देते.

या काकी जुनं घर विकून आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या होत्या. नवरा वारलेला, मुलगा-सून पुण्याला. गोडाच्या फार शौकीन. मी वाटी घेऊन गेले की झाकण उघडायच्या आधीच काय आहे ते वासावरून ओळखायच्या. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला नाही आणि माझा त्यांना वाटायचं कारणच नव्हतं. मी तर दाराआड होते.

गेल्या वर्षी एका दुपारी मी त्यांना शिरा नेऊन दिला. त्यांनी वाटी हातात घेतली, एक घास खाल्ला आणि हसल्या. "काय सांगू गो बाय, या शिऱ्यापायी आमची एक चांगली सोयरीक गेली."

मी सहज विचारलं, कशी काय. आणि त्या सांगत गेल्या. मुलगी गडबची होती. सावळी, पण डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. तिघांनाही पसंत होती, मुलाला तर फारच. "आमच्या ह्यांना तेव्हा नुकतीच शुगर निघाली होती. डॉक्टरनं घाबरवून सोडलेलं. शेजाऱ्याचा पाय त्यातच कापावा लागलेला, तो रोज डोळ्यासमोर. ह्यांनी बशी घेतली आणि घास काय तोंडात जाईना. मी डोळ्यांनी खुणावतेय, चमचाभर खा, मरत नाय तुम्ही. पण ह्यांनी आपली ठेवली खाली. आता नवऱ्याच्या आधी मी कशी खाऊ?"

"मग सांगायचं ना, शुगर आहे म्हणून," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, पण त्यांना ते कळलं नसावं.

"सांगतंय कोण! मुलाच्या बापाला रोग हाय म्हटल्यावर पोरगी कोण देतो? ह्यांनी दारात सांगितलं की, घर बघायला या. आम्ही वाट बघितली. रोज मी घर आवरून ठेवत होते. कुणी आलं नाय, काय निरोप नाय. आम्ही म्हटलं, कुठनंतरी कळलं असणार त्यांना शुगरचं. पोरानं महिनाभर नीट जेवण केलं नाय. मग नागोठण्याची केली. तीबी चांगली हाय." त्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि वर विचारलं, "तुझं माहेर पेणकडचं ना गो? तुला माहीत असतील ती माणसं."

मी नाही म्हटलं आणि वाटी घेऊन वर आले. मला इतका संताप आला होता की कुणावर काढावा ते कळेना. एक म्हातारा एका चमच्याला घाबरला, दुसरा म्हातारा एका फोनला. आणि दोन्ही घरांनी आपापल्या घरी बसून मान सांभाळला. म्हातारे दोघंही गेले. काकींना बोलून काय मिळणार होतं? त्या बिचाऱ्या मला आता सुनेसारखी माया लावतात.

ताईला सांगावं की नाही, यात माझे कितीतरी दिवस गेले. नवरा म्हणाला, "आता कशाला जुनी खपली काढतेस?" त्याचं बरोबर होतं. पण मला राहवेना. इतकी वर्षं ताई मनाशी धरून बसली आहे की रोह्याच्या माणसांनासुद्धा आपण नको झालो. ते खोटं आहे, हे फक्त मला माहीत होतं. ती पसंत होती. हे तिला न सांगता मी मेले असते तर तो तिच्यावर अन्यायच झाला असता, असं मला वाटू लागलं. एवढं कळलं तरी तिला बरं वाटेल, असा माझा भाबडा हिशेब.

सकाळच्या गाडीने मी कासूला उतरले. ताई त्या दिवशी पापडाला गेली नव्हती, गुडघे दुखत होते. मला बघून तिने नेहमीप्रमाणे पोहे भिजवले आणि विळीवर नारळ खवायला बसली. गूळपोहे करणार होती. तिच्या मांडणीवर सगळे डबे जागच्या जागी होते.

मी सगळं सांगितलं. काकी कोण ते, शुगरचं, शेजाऱ्याच्या पायाचं, त्यांनी वाट बघितली ते, मुलगा महिनाभर जेवला नाही तेही. ताई खोबरं खवत राहिली. शेवटी मी म्हटलं, "ताई, तू त्यांना पसंत होतीस गो. तिघांनाबी."

तिने करवंटी बाजूला ठेवली. गूळ चिरायला घेतला.

"बापाला शुगर होती, म्हणून त्यानं खाल्ला नाय," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि आई नवऱ्याच्या आधी खाणार नाय."

"व्हय ना."

"मग त्याला काय झालं होतं?"

म्हाताऱ्याला, बाबांना, मामांना, त्या रीतीला, सगळ्यांना माझ्या मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या होत्या. त्याला मात्र मी विसरूनच गेले होते. उलट, महिनाभर जेवला नाही म्हणून मला त्याची दया आली होती.

"बापाच्या आधी पोरगा कसा हात लावणार, ताई," मी म्हटलं.

ताईने गूळ पोह्यांत घातला, वर खोबरं, चिमूटभर मीठ, आणि हाताने कालवायला लागली. माझ्याकडे न बघता ती बोलली, आणि ताई माणसाकडे न बघता कधी बोलत नाही.

"पडवीत त्यानं मला विचारलं, शिऱ्याचा वास येतोय, तू केलास काय. मी म्हटलं, व्हय. आणि म्हटलं, मी आवडले असंल तर खा, दुसऱ्या कुणाची वाट बघू नको. पोरीच्या जातीनं असं बोलायचं नसतं, पण मी बोलले. हसला. खातो म्हणाला." तिने माझ्यापुढे बशी सरकवली. "मी दारात उभी राहून त्याच्याच हाताकडं बघत होते गो. त्यानं मांडीवरनं उचलला नाय."